ख्रिस्ती जीवनातील आत्मिक स्वातंत्र्य : एका जुन्या वादाचा आढावा

ख्रिस्ती विचारात जे प्रश्न शतकानुशतके पुनःपुन्हा उपस्थित होत आले, त्यांत आत्मिक स्वातंत्र्याचा प्रश्न असा आहे की, त्याच्या उत्तराविषयी मतभेद होण्याच्या आधी त्याच्या अर्थाविषयीच मतभेद झालेले आढळतात. एका पक्षाच्या मते हे स्वातंत्र्य पापाच्या दोषापासूनचे. दुसऱ्याच्या मते विकारांच्या अंमलापासूनचे. तिसऱ्याच्या मते नियमशास्त्राच्या आणि धर्माधिकाऱ्यांच्या हुकमतीपासूनचे. आणि गेल्या साठ वर्षांत ज्याचा आवाज विशेष ऐकू येऊ लागला त्या चौथ्या पक्षाच्या मते, ज्याच्या पाठीवर दुसऱ्या माणसाचा पाय आहे त्याला केवळ आत्म्याच्या मोकळिकीची ग्वाही देणे ही अर्धीच सुवार्ता होय. गंमत अशी की, हे चारही पक्ष ज्या वचनांचा आधार घेतात ती बहुतांशी एकाच पुरुषाच्या लेखणीतून उतरलेली आहेत. तेव्हा आढाव्याचा आरंभ प्रेषित पौलापासून करणेच सोयीचे.

अंत्युखियाची पंगत, करिंथचा बाजार

गलती प्रांतातील मंडळ्यांना पौलाने पत्र लिहिले ते इ. स. 50 च्या आसपास. यहूदी नसलेली माणसे येशूवर विश्वास ठेवू लागली होती, आणि त्यांनी सुंता करून घेऊन मोशेचे नियमशास्त्र पाळावे की काय, हा त्या काळचा ज्वलंत प्रश्न होता. यरुशलेमेतील सभेने सुंतेची अट काढून टाकली, मात्र मूर्तींना अर्पिलेले पदार्थ, रक्त, गुदमरून मारलेल्या प्राण्यांचे मांस आणि जारकर्म यांपासून दूर राहण्याची सूचना केली, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथावरून दिसते. परंतु सभेत ठराव होणे निराळे आणि घरात तो पाळला जाणे निराळे, हा अनुभव त्या काळीही चुकला नाही. अंत्युखियात पेत्र प्रथम यहूदीतर बंधूंबरोबर जेवत असे. पुढे याकोबाकडून काही मंडळी आली, तेव्हा त्यांच्या भयाने तो मागे सरला, वेगळा बसू लागला, आणि त्याचे पाहून बर्णबासारखा पौलाचा जिवलग सहकारीही त्या दुटप्पीपणात ओढला गेला. पौलाने सर्वांसमक्ष, तोंडावर, पेत्राला दोष दिला. ख्रिस्ती स्वातंत्र्याच्या सिद्धांताची पहिली कसोटी अशी एका पंगतीत लागली. पंक्तिभेद म्हणजे काय हे ज्या समाजाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही, त्या समाजातील वाचकाला या प्रसंगाचे मर्म क्षणात उमगते. पाश्चात्त्य भाष्यकारांना मात्र त्यासाठी पुष्कळ पाने खर्ची घालावी लागली आहेत.

करिंथमध्ये पौलाला याच प्रश्नाची दुसरी बाजू हाताळावी लागली. तेथील बाजारात विकले जाणारे मांस पुष्कळदा देवळातील बळीचे असे. मूर्तीला मुळी अस्तित्वच नाही, मग ते मांस खाण्यास हरकत कोणती, असा तेथील ज्ञानी मंडळींचा सवाल होता, आणि तत्त्वतः पौलाला तो मान्यही होता. तथापि, आपल्या खाण्यामुळे दुर्बळ बंधूच्या विवेकभावाला धक्का बसून तो अडखळत असेल, तर आपण मांसाला कधीच शिवणार नाही, असा निर्णय त्याने दिला. ज्याने अंत्युखियात एकत्र जेवण्याचा आग्रह धरला, त्यानेच करिंथमध्ये न जेवण्याची तयारी दाखवावी, यात वरवर विसंगती दिसली तरी दोन्ही ठिकाणी त्याने बंधूचाच कैवार घेतला आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो याहून पुढे जातो, आणि पापाच्या दास्यातून सुटलेला मनुष्य नीतिमत्त्वाचा दास झालेला असतो असे प्रतिपादतो. सुटका ही मालकी बदलल्यानेच होते, निर्मालकी अवस्था मनुष्याला उपलब्धच नाही, असा त्याचा अभिप्राय दिसतो.

प्रत्यक्ष गुलामांविषयी मात्र त्याची लेखणी आखडते. फिलेमोनाला लिहिलेल्या चिठ्ठीत तो अनेसिम नावाच्या दासाला परत पाठवतो आणि त्याला दास म्हणून न ठेवता प्रिय बंधू म्हणून स्वीकारावे अशी गळ घालतो. पण त्याला दास्यमुक्त कर, असे स्वच्छ शब्दांत कोठेच लिहीत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, दासाने सुटकेची संधी साधावी की आहे त्याच स्थितीचा सदुपयोग करावा, याविषयीचे मूळ ग्रीक वाक्य इतके त्रोटक आहे की, दोन्ही अर्थ लावणारे विद्वान आजही आहेत. हा मौनाचा आणि संदिग्धतेचा वारसा पुढील पिढ्यांना किती महाग पडला, ते पुढे दिसेलच.

इच्छेची मुखत्यारी

चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधीला वादाचे क्षेत्र बदलले. रोममध्ये राहून लोकांना कठोर सदाचाराचा उपदेश करणाऱ्या पेलागिअस या ब्रिटिश तपस्व्याचे म्हणणे असे की, देवाने आज्ञा दिल्या त्या अर्थी त्या पाळण्याचे सामर्थ्यही मनुष्याला दिलेच असले पाहिजे, नाहीतर आज्ञेला अन्यायाचे स्वरूप येईल. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टिन (354–430) याचा स्वानुभव याच्या अगदी उलट होता. इच्छा स्वतःच आजारी असेल तर तिला मुखत्यारपत्र देऊन काय लाभ, आधी ती बरी व्हावयास हवी आणि हे बरे होणे कृपेचे काम आहे, असे त्याचे सांगणे. त्याने निवडीची क्षमता आणि खरे स्वातंत्र्य यांत भेद केला : पाप टाळता येणे ही आदिमानवाची अवस्था, पाप करणेच अशक्य होणे ही संतांची अंतिम अवस्था, आणि तीच अधिक स्वतंत्र. कार्थेज येथील 418 च्या सभेने पेलागिअसाच्या मतांचा निषेध केला, ऑरांज येथील 529 च्या सभेने कृपेच्या प्राथम्यावर शिक्कामोर्तब केले. तथापि पेलागिअसाने मांडलेली न्यायाची शंका त्यामुळे निमाली असे म्हणता येत नाही.

पूर्वेकडील ग्रीक परंपरा या न्यायालयीन भाषेत फारशी रमली नाही. तिच्या दृष्टीने पाप हा रोग, तारण ही चिकित्सा आणि स्वातंत्र्य हे विकारांच्या उपशमाचे फळ. 662 मध्ये निधन पावलेला मॅक्सिमस या परंपरेचा सर्वांत सूक्ष्म तत्त्वज्ञ. हे करू की ते करू अशी दोलायमानता हे मनुष्याच्या पतित अवस्थेचे लक्षण असून, ख्रिस्ताला मानवी इच्छा असूनही ही डळमळ नव्हती, असा सिद्धांत त्याने मांडला. पर्यायांची विपुलता म्हणजे स्वातंत्र्य असे मानणाऱ्या आजच्या वाचकाला हा विचार चमत्कारिक वाटेल. पण या विषयात इतका मूलगामी विचार क्वचितच झाला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कॅथलिक पश्चिमेत हा वाद पुढे जेझुइट आणि डॉमिनिकन या दोन संन्यासी संघांत इतका विकोपास गेला की, तो रोमच्या दरबारी दाखल करावा लागला. पाचव्या पॉल या पोपने 1607 मध्ये दोन्ही पक्षांना एकमेकांवर पाखंडाचा आरोप करण्याची मनाई केली आणि योग्य वेळी निकाल देऊ असे जाहीर केले. तो निकाल आजतागायत लागलेला नाही.

1520 आणि 1525

मार्टिन लूथरने 1520 मध्ये ख्रिस्ती मनुष्याच्या स्वातंत्र्यावर एक लहानशी पुस्तिका लिहिली आणि ती, बहिष्काराची तलवार डोक्यावर लटकत असतानाही, दहाव्या लिओ या पोपला पाठवलेल्या पत्रासह प्रसिद्ध केली. तिच्या आरंभीच त्याने परस्परविरोधी दिसणारी दोन विधाने शेजारी शेजारी मांडली. श्रद्धेच्या बळावर ख्रिस्ती मनुष्य सर्वांचा स्वामी असून कोणाच्या ताबेदारीत नाही, हे एक. आणि प्रीतीच्या बळावर तो सर्वांचा सेवक असून प्रत्येकाच्या ताबेदारीत आहे, हे दुसरे. सत्कर्मांनी तारण कमवावयाचे उरले नाही, त्यामुळे सत्कर्मे प्रथमच निर्हेतुक झाली. शेजाऱ्याचे भले करताना मनुष्य आता स्वतःच्या पुण्याचा हिशेब ठेवीत नाही, हा त्या पुस्तिकेचा गाभा होय. लूथरने मनुष्याचे अंतःपुरुष आणि बाह्यपुरुष असे दोन भाग पाडले आणि स्वातंत्र्याचे निवासस्थान पहिल्यात ठरवले.

पाचच वर्षांनी या विभागणीची परीक्षा झाली. दक्षिण जर्मनीतील मेमिंगेन येथे 1525 च्या मार्च महिन्यात शेतकऱ्यांनी बारा कलमांचा मसुदा तयार केला. आपला पाळक आपण निवडावा, ही पहिल्या कलमातील मागणी. तिसऱ्या कलमात त्यांनी असा युक्तिवाद केला की, ख्रिस्ताने मेंढपाळापासून थेट थोरामोठ्यांपर्यंत सर्वांनाच आपल्या रक्ताने सोडवले आहे, त्या अर्थी आम्हांस वेठबिगारीत ठेवण्याची वहिवाट शास्त्राला धरून नाही. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, सरकारच नको असे ते म्हणत नव्हते. उलट आमचे म्हणणे शास्त्रविरुद्ध ठरवून दाखवा म्हणजे आम्ही ते मागे घेऊ, असेही त्यांनी शेवटच्या कलमात नमूद केले होते. लूथरने आरंभी जमीनदारांनाही खडसावले, परंतु तिसऱ्या कलमाविषयी त्याचे मत प्रतिकूल पडले. हे ख्रिस्ती स्वातंत्र्याला निव्वळ देहाची बाब करणे आहे, अब्राहामादी कुलपतींपाशीही दास होतेच, असा त्याचा प्रतिवाद होता. पुढे उठावाने रक्तपाताचे रूप घेतल्यावर त्याने बंडखोरांना निर्दयपणे चिरडण्याचा सल्ला सरदारांना दिला.

लूथरच्या बाजूने हे सांगितले पाहिजे की, सुवार्ता तलवारीच्या सोयीसाठी वापरली गेली तर ती सुवार्ता राहणार नाही, ही त्याची धास्ती निराधार नव्हती. शेतकऱ्यांच्या बाजूने हे की, त्यांनी पौलाचे वाचन त्याच्याइतक्याच गंभीरपणे केले होते आणि अंत्युखियाच्या पंगतीची आठवण धरली तर अंतर्बाह्य भेदाची ती भिंत पौलाने इतकी पक्की बांधलेली दिसत नाही.

जॉन कॅल्व्हिनने या स्वातंत्र्याचे तीन भाग केले : विवेकभावाची नियमशास्त्राच्या ओझ्यातून सुटका, धाकाविना स्वेच्छेने आज्ञापालन, आणि जी कृत्ये स्वतः बरीही नाहीत व वाईटही नाहीत त्यांविषयी मोकळीक. तिसऱ्या भागाचे समर्थन करताना या एरवी रुक्ष लेखकाला विनोद सुचला आहे. तागाचा रुमाल वापरावा की नाही अशी शंका ज्याने एकदा मनात घेतली, त्याला पुढे भरड वस्त्राविषयीही शंका येईल. गोड द्राक्षारसाची शंका घेणारा साध्या पाण्यापाशीही अडेल. आणि शेवटी वाटेत आडवी पडलेली काडी ओलांडणेही त्याला पाप वाटू लागेल, असे तो म्हणतो. धर्मभीरू माणसाच्या मनाचे याहून नेमके चित्र काढणे कठीण.

कॅथलिक बाजूने इग्नेशियस लोयोलाने निराळा मार्ग दाखवला. 1548 मध्ये छापल्या गेलेल्या आपल्या आत्मिक साधनापुस्तकात आरोग्य आणि आजार, श्रीमंती आणि दारिद्र्य यांविषयी समभाव बाळगणे हीच निवड करण्यास योग्य अशी मोकळी अवस्था, असे त्याने शिकवले. आणि आज्ञाधारकतेची शपथ ही त्या मोकळिकीची सोबतीण ठरवली. शपथेने बांधून घेणे हा स्वातंत्र्याचा मार्ग कसा, हे प्रॉटेस्टंट वाचकाला सहसा पटत नाही. आणि वरिष्ठाविना चाललेले स्वातंत्र्य स्वैराचारापासून कसे ओळखावे, हे कॅथलिक वाचकाला कळत नाही.

बाप्तिस्मा आणि गुलामगिरी

अंतर्बाह्य भेदाचा सर्वांत निलाजरा उपयोग अटलांटिकच्या पलीकडे झाला. व्हर्जिनियाच्या कायदेमंडळाने 1667 मध्ये असा कायदा मंजूर केला की, बाप्तिस्मा घेतल्याने गुलामाच्या दास्यात काहीही फरक पडणार नाही. आणि त्याचा हेतू असा नमूद केला की, या शंकेतून मुक्त झालेल्या मालकांनी गुलामांत ख्रिस्ती धर्माचा प्रसार अधिक उत्साहाने करावा. लंडनमध्ये 1807 साली वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी बायबलची जी निवडक आवृत्ती छापण्यात आली, तिच्यातून इस्राएलाच्या मिसरातील सुटकेची कथा बहुतांशी गाळलेली होती. गाळणाऱ्यांना त्या कथेचा अर्थ गुलामांइतकाच नीट कळला होता, हे त्यावरून सिद्ध होते. गुलामांनी मात्र ऐकून ऐकून ती कथा आत्मसात केली, आणि तिच्यात आत्म्याची सुटका व देहाची सुटका अशी वाटणी कधी केली नाही. जेम्स कोन याने 1969 पासून कृष्णवर्णीयांचे जे धर्मशास्त्र मांडले, त्याचे मूळ या वाचनात आहे.

वाँटेजहून केडगावकडे

मराठी मुलुखात हा प्रश्न कोणी स्वतःच्या जिवावर झेलला असेल तर तो पंडिता रमाबाईंनी. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर लवकरच त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार सुरू झाला तो आत्मिक स्वातंत्र्याच्या प्रश्नावरील एक अस्सल दस्तऐवज आहे. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला असता तिची मतप्रणाली संपूर्णपणे स्वीकारणे हे नम्रतेचे लक्षण, असे सिस्टर जेराल्डीन यांचे म्हणणे होते, आणि त्यांच्या भूमिकेतून ते सुसंगतही होते. व्यक्तीने एकटीने शास्त्राचा अर्थ लावू म्हटले तर मंडळीचे ऐक्य टिकावे कसे? रमाबाईंचे उत्तर असे की, भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून आपण मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे, ती पुन्हा तसल्याच दुसऱ्या जोखडात देण्याची आपली तयारी नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे मत काही बिशपांनी दिले, तेव्हाही, आपल्या वडिलांनी वा पतीने ज्या गोष्टीस कधी हरकत घेतली नाही तिला यांनी का घ्यावी, असे त्यांनी विचारले.

जेवणाचा प्रश्न येथेही उपस्थित झालाच. रमाबाई शाकाहारी राहिल्या, आणि त्यांच्या खाण्यापिण्यात जातीचे पूर्वग्रह शिल्लक आहेत असा आक्षेप आला. त्यावर त्यांनी असे सुचवले की, एखादी इंग्रज बाई हिंदू लोकांत येऊन राहिली आणि तिने आपली राहणी सोडली नाही, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय? पौलाच्या काळी मांस खाण्याची मुभा हा स्वातंत्र्याचा विषय होता. वाँटेजला ते न खाण्याची मुभा हा झाला. याच्या उलट दिशेने लक्ष्मीबाई टिळकांचा प्रवास झाला. पती नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरही सोवळे कसोशीने पाळणाऱ्या लक्ष्मीबाईंनी, जातिभेद मनुष्यनिर्मित आहे असा निर्णय स्वतःच्या मनाशी करून, बाप्तिस्म्याच्या आधीच सर्वांच्या हातचे खाण्यास आरंभ केला, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

पुढे 1891 च्या सुमारास रमाबाईंना अंतरंगात असा अनुभव आला की, आपल्याला आजवर ख्रिस्ताचा धर्म लाभला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त नव्हे. म्हणजे चर्चच्या हुकमतीला ठाम नकार देणारी ही विदुषी कृपेच्या बाबतीत ऑगस्टिन आणि लूथर यांच्या पंक्तीला जाऊन बसली. केडगावला त्यांनी उभारलेल्या संस्थेचे नाव ‘मुक्ती’. आणि तेथे दुष्काळातून आणलेल्या विधवा व मुलींना अन्न, अक्षर, छापखान्यातील काम आणि प्रार्थना ही सर्व एकाच छपराखाली मिळत असत. 1905 मध्ये तेथे जी आत्मिक जागृती झाली तिचा उल्लेख पेंटेकोस्टल पंथाचे इतिहासकार आदराने करतात. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला आणि त्याचे द्वार बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाही खुले ठेवले. संस्थेविना ख्रिस्तभक्ती टिकते काय, हा त्या प्रयोगातील प्रश्न 1919 मध्ये टिळकांचे निधन झाल्यामुळे पुरता तपासला गेला नाही.

विसाव्या शतकातील फेरमांडणी

दीट्रिख बोनहॉफरने 1937 मध्ये, अनुसरणाविना मिळणारी स्वस्त कृपा हीच आपल्या मंडळीची वैरीण आहे, असे बजावले. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी देण्यात आले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर करून, विवेकभावावर राज्यसत्तेने बळजोरी करू नये हे तत्त्व स्वीकारले. पेरू देशातील गुस्तावो गुतिएरेस यांनी 1971 च्या आपल्या ग्रंथात मुक्तीचे तीन थर सांगितले : राजकीय-आर्थिक जुलमापासूनची, इतिहासात मनुष्याने स्वतः घडण्याची, आणि पापापासूनची. हे तिन्ही थर एकजीव आहेत, असे त्यांचे म्हणणे. रोमच्या धर्मसिद्धांत विभागाने 1984 मध्ये मार्क्सवादी विश्लेषणाच्या उसनवारीबद्दल इशारा दिला आणि पाप हेच मूळ दास्य असल्याची आठवण दिली. 1986 च्या दुसऱ्या निवेदनात मात्र स्वातंत्र्याच्या सामाजिक बाजूला पुष्कळ मोकळेपणाने स्थान दिले. भारतात अरविंद निर्मळ यांनी 1981 पासून हीच भूमिका जातिव्यवस्थेच्या संदर्भात मांडली आणि दलित धर्मशास्त्राचा पाया घातला.

याच काळात पौलाच्या वाचनालाही नवे वळण लागले. क्रिस्टर स्टेंडाल यांनी 1963 मध्ये असे दाखवून दिले की, अपराधभावाने पोळलेला पौल हा बराचसा ऑगस्टिन आणि लूथर यांच्या अंतःकरणातून पाहिलेला पौल आहे. ई. पी. सँडर्स यांच्या 1977 च्या ग्रंथानंतर, यहूदी धर्म म्हणजे कर्माने तारण कमावण्याचा खटाटोप, हे परंपरागत चित्र टिकवणे कठीण झाले. या मताच्या अभ्यासकांनुसार गलतीकरांस पत्राचा मुख्य विषय अंतःकरणाची शांती नसून, भिन्न वंशांच्या लोकांनी एका मंडळीत बरोबरीने नांदणे हा आहे. जुन्या मताचे कैवारी याला उत्तर देतात की, पंगतीचा प्रश्न सुटला तरी माणूस देवासमोर कशाच्या बळावर उभा राहतो हा प्रश्न शिल्लकच राहतो, आणि पौलाने त्याचे उत्तर त्याच पत्रात दिले आहे. दोन्ही पक्षांपाशी भक्कम पुरावा आहे.

काय अनिर्णित आहे

श्रद्धेने नीतिमान ठरवले जाण्याविषयी लूथरन मंडळ्या आणि रोम यांच्यात 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे संयुक्त निवेदनावर सह्या झाल्या. मेथडिस्ट 2006 मध्ये आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांचा महासंघ 2017 मध्ये त्यात सामील झाला. म्हणजे ज्या मुद्द्यावर युरोप दुभंगला तो बव्हंशी मिटला, असे म्हणावयास हरकत नाही. न मिटलेले मुद्दे निराळे आहेत. विवेकभाव आणि मंडळीचा अधिकार यांत शेवटचा शब्द कोणाचा, याविषयी रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन जेथे थांबल्या त्याच्या फारसे पुढे कोणी गेलेले नाही. दुर्बळ बंधूसाठी आपली मोकळीक आवरावी हे पौलाचे सूत्र सर्वांना मान्य आहे. पण दुर्बळ कोण हे बलवानच ठरवू लागला तर ते सूत्र दुर्बळालाच गप्प बसवण्याचे साधन होते, या आक्षेपाचे समाधान झालेले नाही. आंतरिक मुक्ती बाह्य मुक्तीविना खरी असू शकते काय, यावर तुरुंगातील हुतात्म्यांचे चरित्र होकार देते आणि व्हर्जिनियाचा कायदा सावध करतो. या लेखकाला दोन्ही साक्षी एकदमच ग्राह्य धराव्याशा वाटतात : बाह्य बंधन आत्मिक स्वातंत्र्याला मारू शकत नाही, परंतु बंधन घालणाऱ्याला त्या सत्याचा दाखला देण्याचा अधिकार नाही.

ज्या वाचकाला या वादात स्वतः उतरावयाचे आहे त्याने प्रथम गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचे सहाही अध्याय एका बैठकीत वाचावेत, लगेच फिलेमोनाची पंचवीस वचनांची चिठ्ठी वाचावी, आणि मग लूथरची पुस्तिका व मेमिंगेनची बारा कलमे शेजारी शेजारी ठेवावीत. टीकाग्रंथांकडे त्यानंतर वळावे.